पाण्याकडे पाठ करून

नवेगावबांधला आलेला पाहुणा पाळीवर चढतो, समोरचे पाणी बघतो, मागच्या डोंगरांची रांग फोटोत बसवतो आणि उतरतो. त्याने बघितले ते सुंदरच असते, पण तलाव बघायची ही अर्धी रीत झाली. उरलेली अर्धी त्याच जागेवरून, नुसते वळून पुरी करता येते. पाण्याकडे पाठ करून उभे राहिले की खाली धानाच्या बांध्या दिसतात. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उतरत गेलेल्या, मधल्या धुऱ्यांनी चौकटी पाडलेल्या. तलाव ज्यासाठी बांधला ते काम तिकडे चालते. पाळीच्या एका अंगाला साठवण आणि दुसऱ्या अंगाला तिचा अर्थ, अशी ही रचना आहे. मधली मातीची भिंत दोन्ही बाजू नजरेत ठेवून वाचली, तरच तिची चव कळते.

गाव गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि ‘तलावांचा जिल्हा’ म्हणून भंडाऱ्याची जी ख्याती, तिच्यातला मोठा वाटा याच भागाचा. महामार्गावरच्या कोहमाऱ्याहून दक्षिणेला उतरले की जंगल आणि धान यांची अदलाबदल सुरू होते. गोंदिया–चंद्रपूर लोहमार्गावर यायचे तर देवलगावचे स्टेशन जवळ. पाण्याचा सारा हिशेब अखेर वैनगंगेच्या खात्यात जमा होतो. चुलबंद, गाढवी या तिच्या उपनद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले बुटक्या डोंगरांच्या मधून वाट काढत जातात. डोंगर फार उंच नाहीत, पण दाट आहेत, आणि त्यांच्यामध्ये खिंडी आहेत. या खिंडींवरच पुढची गोष्ट उभी आहे.

आधी एक साधा प्रश्न. जिथे वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे तलाव कशाला? मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न चैनीचा वाटेल. पण हा पाऊस बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पडून जातो. हलका धान तेवढ्यात हाती लागतो. भारी धान मात्र उशिरा पिकतो, उत्पन्न जास्त देतो आणि पाऊस परतीला लागल्यावर नेमका निसवायला येतो. रोवणी झालेली असते, खत-मजुरी लागून गेलेली असते, पीक गर्भात असते, आणि आभाळ कोरडे पडते. ऑक्टोबरातले ते एक पाणी मिळाले तर कोठी भरते, नाही मिळाले तर तणीस उरते. ११ चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला हा तलाव मुळात त्या एका पाण्यासाठी आहे. वाळवंटात विहीर खोदणारा माणूस गरजेपोटी खोदतो. भरपूर पावसाच्या मुलखात तलाव बांधणाऱ्याने वर्षभराचे पंचांग डोक्यात ठेवून पावसाचे नेमके वैगुण्य हेरलेले असते.

आता बांधणी बघू. परंपरेने तलावाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते आणि काळ अठराव्या शतकाचा सांगितला जातो. कोलू पाटलांची खरी करामत त्यांनी काय बांधले यापेक्षा काय बांधले नाही, यात दिसते. भोवतीचे डोंगर आयते उभे होते. त्यांच्यामधल्या ज्या मोकळ्या जागांतून पाणी निसटून जात होते, तेवढ्याच त्यांनी मातीच्या पाळीने बुजवल्या. एवढे मोठे पाणी आणि त्या मानाने मानवी हाताची एवढी थोडी खूण! आजच्या धरणावर भिंत आधी दिसते, पाणी मागून. इथे भिंत शोधावी लागते. झाडे वाढलेली, गवत चढलेले, दोन्ही टोके डोंगरात विरलेली. नवखा माणूस हा तलाव निसर्गाने केला असे सहज समजून चालतो, आणि कोलू पाटलांना याहून मोठी दाद मिळणे कठीण.

१९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये या तलावाचे क्षेत्र ५ चौरस मैल आणि घेर १७ मैल दिलेला आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचण्यात मौज आहे. ५ चौरस मैलांचे पाणी अगदी गोल असते, तर त्याचा घेर ८ मैलांच्या आसपास भरला असता. इथे तो दुपटीहून जास्त आहे. म्हणजे काठ सरळ जात नाही. तो डोंगरांच्या पायांमध्ये शिरतो, बाहेर येतो, पुन्हा वळतो. पाण्याची बोटे जंगलात गेलेली आणि जंगलाची बोटे पाण्यात आलेली. वाढीव काठ म्हणजे वाढीव उथळ पाणी, आणि तलावाची वस्ती उथळ पाण्यातच असते. देवधान हा रानभात तिथे उगवतो, मासोळी तिथे अंडी घालते, हिवाळी बदके तिथे चरतात, जनावरे तिथे उतरतात. काठाच्या या घड्या पाळ बांधणाऱ्याने ठरवून घातल्या नव्हत्या. त्याने पाण्याची पातळी ठरवली आणि घड्या जमिनीने घातल्या. पण जमिनीला आपला स्वभाव दाखवू देणारी पातळी निवडणे, हेही कर्तृत्वच.

याच जागी लोककथा उपयोगी पडते. तलावाभोवतीच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात, आणि त्या डोंगरांवरच्या देवतांनी कोलू पाटलांना तलाव बांधायला मदत केली असे सांगतात. खुद्द कोलू पाटील ‘कोलासूर’ देव झाले, त्यांचे ठाणे तलावाजवळ आहे. आपण अशा कथा ऐकतो, हसतो आणि पुढे जातो. इथे मात्र कथेत आणि भूगोलात फारसे अंतर नाही. सात डोंगरांनी मदत केली हे अक्षरशः खरे आहे. भिंतीचा मोठा भाग त्यांनीच उभा केला, माणसाने जोडकाम केले. बांधणाऱ्याच्या वंशजांनी सगळे श्रेय आपल्या पूर्वजाकडे न ओढता डोंगरांना त्यात भागीदार करून घेतले. माणसाला एक देऊळ आणि बहिणींना सात शिखरे, ही वाटणी कामाच्या प्रमाणाला धरूनच झालेली दिसते.

कोहळी कोण, हेही जाणून घ्यायला हवे. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा–गोंदिया आणि चंद्रपूरच्या बाजूला वसलेला हा शेतकरी समाज तलाव बांधण्यात आणि ऊस लावण्यात वाकबगार. चांद्याच्या गोंड राजघराण्यातील कोणी काशीयात्रेला गेले असता तिकडे या लोकांची कसबी शेती पाहिली आणि त्यांना इकडे आणून वसवले, अशी त्यांच्यात परंपरा आहे. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांना जमिनी दिल्या, असेही परंपरा सांगते. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. या अटीत कारागिरीचा सगळा कस आहे. बक्षीस भिंतीच्या उंचीवर ठरत नव्हते, पाणी पोचण्यावर ठरत होते. उंच पाळ घालून पाणी अडवले आणि पाट चुकला, तर बांधणाऱ्याच्या पदरात काही पडायचे नाही. त्यामुळे उतार बघणे, पाट काढणे, बांध्या पाडणे आणि पाळ घालणे ही चार कामे एकाच डोक्यात एकत्र नांदली. आज ती चार खात्यांत वाटली गेली आहेत. झाडीपट्टीत, म्हणजे या जंगलाच्या मुलखात, गावागणिक जे तलाव आणि बोड्या (लहान तळी) दिसतात, त्यांचा उगम या एका अटीत शोधता येतो.

बारकाव्यांत जायचे तर तुडूम आणि सलंग हे दोन शब्द इथल्या जुन्या माणसांच्या तोंडून ऐकायला हवेत. सलंग म्हणजे जास्तीचे पाणी वाहून जाण्याची वाट. पाळीचा जीव तिच्यावर अवलंबून असतो, कारण मातीच्या पाळीवरून पाणी चढले की पाळ जाते. जुन्या मांडणीत एका तलावाची सलंग पुष्कळदा खालच्या तलावाकडे जाते. वरच्याचे जास्त झालेले खालच्याचे भांडवल होते. तुडूम म्हणजे पाणी सोडण्याचे दार. जुन्या धाटणीचे तुडूम पायऱ्यापायऱ्यांचे, दर पातळीला एक भोक आणि भोकाला बुच. पाणी जसजसे उतरेल तसतसे खालचे बुच काढायचे. यातली हुशारी बघा. सगळ्यांत वरचे भोक पाण्याच्या पृष्ठभागाजवळच असते, म्हणून त्यावर पाण्याचा दाब कमी. एका माणसाच्या हाताने ते उघडते, आणि बाहेर येणारी धार पाटाला पेलते. तळाशी एकच दार ठेवले असते तर भरल्या तलावाचा सारा भार त्या दारावर आला असता. लोखंडी चाक-झडपा नसलेल्या काळात दाबाचा प्रश्न असा पायऱ्यांनी सोडवला. शिवाय वरचे पाणी आधी जाते म्हणजे उन्हाळ्यासाठी खालचे राखून राहते. गुरांचे आणि गावाचे पाणी या रचनेतच बाजूला काढलेले असते.

या पाण्याने गावाला वेळापत्रक दिले. पऱ्हे टाकणे, रोवणी, निंदण, मग ते ऑक्टोबरातले पाणी, कापणी, चुरणे. धान घरात आला की दिवाळीनंतर मंडई भरते. गावोगावच्या मंडईला लेकी-जावई येतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. वडसा-देसाईगंजला केंद्र करून उभी राहिलेली झाडीपट्टीची रंगभूमी याच हंगामावर चालते. रात्रभर चालणारे नाटक तिकीट काढून बघायला हजारो माणसे जमतात, कारण त्या आठवड्यात त्यांच्या हातात पैसा असतो, आणि तो असतो कारण भारी धान निसवताना पाणी मिळालेले असते. नाटकाची जाहिरात करणाऱ्या गाडीवर तलावाचे नाव नसते, पण तिचे डिझेल तलावानेच भरलेले असते.

रसग्रहण म्हणजे नुसती स्तुती नव्हे, तेव्हा या रचनेतले खड्डेही मोजायला हवेत. तलाव पाटलाचा होता. इंग्रजी अमलात तो पाटील मालगुजार झाला, म्हणजे गावाच्या साऱ्याचा धनी. पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल आणि कोणाच्या नंतर, हे ज्याच्या हातात त्याच्यापुढे कुळाला मान खाली घालावी लागे. पाळीवर माती टाकणाऱ्यांची नावे कथेत राहिली नाहीत. देव झाले ते एकटे कोलू पाटील. गोंड-हलबांच्या जंगलात ही शेती पसरली, तेव्हा त्या जंगलावर आधी कोणाचा हात होता, याविषयी कथा गप्प आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. अन्यायाचे एक टोक निखळले आणि त्याबरोबर जबाबदारीचेही. ‘माजी मालगुजारी’ अशी सरकारी बिरुदावली लागून त्यांचे ‘मामा तलाव’ झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. गावाने दरसाल गाळ काढायचा, पाळीची बिळे बुजवायची, पाट साफ करायचा, ही सवय धनी गेल्यावर ओसरली. तलावावरचा हक्क सार्वजनिक झाला, तलावाची काळजी मात्र कोणाचीच राहिली नाही. झाडीपट्टीतल्या शेकडो मामा तलावांची साठवण गाळाने घटली, त्याचे मूळ इथे आहे.

याच तालुक्यात, गोठणगावजवळ, गाढवी नदीवर १९७० च्या सुमारास इटियाडोह धरण झाले. त्याचे पाणी गोंदियाखेरीज भंडारा आणि गडचिरोलीच्या शेतांपर्यंत जाते. दोन्ही पाहून तुलना करण्याचा मोह होतो. इटियाडोहाचा आवाका मोठा आहे आणि त्याने भिजवलेली शेते खरी आहेत, म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण त्याचे पाणी वापरणारा शेतकरी धरण बघत नाही, तो कालव्याचे वेळापत्रक बघतो. नवेगावबांधच्या पाळीखालचा शेतकरी सकाळी डोळ्यांनी पातळी बघतो आणि यंदा भारी धान किती लावायचा ते ठरवतो. ज्याच्यावर आपले पीक अवलंबून आहे ते रोज नजरेसमोर असणे, हा लहान पल्ल्याच्या सिंचनाचा मोठा गुण. तो आकडेवारीत येत नाही.

या तलावाला मराठीत एक मोठा वाचक आधीच मिळून गेला. वनाधिकारी म्हणून इथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून हे नाव अशा घरांत नेले, जिथे गोंदिया जिल्ह्याची दिशाही ठाऊक नव्हती. पाखरे, मासे, झाडे, त्यांची स्थानिक नावे आणि ती नावे सांगणारी माणसे त्यांनी एकाच आदराने टिपली. त्या माणसांत अग्रभागी नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार. जंगल आणि तलाव यांची जाण त्यांच्याकडे पिढीजात होती, आणि चितमपल्लींनी त्यांना गुरुस्थानी मानले. शिकलेल्या अधिकाऱ्याने गावच्या पाटलापाशी शिकायला बसणे ही त्या लेखनाची खरी बैठक आहे. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प. तलावाला त्यामुळे संरक्षण लाभले. त्याची किंमतही कोणीतरी मोजली. काळीमाती, कवलेवाडा, झंकारगोंदी ही जंगलातली खेडी उठली आणि सौंदडजवळ श्रीरामनगर म्हणून वसली. जिथे माणसांनी डोंगरांशी भागीदारी करून पाणी साठवले, तिथे माणसे आणि जंगल वेगळी केल्याशिवाय दोन्ही टिकत नाहीत असे ठरवावे लागले. रचनेचे सौंदर्य सांगताना हा सूर गाळला तर वाचन खोटे पडेल.

पण या तलावांचे सर्वांत ताजे आणि मला सर्वांत पटणारे वाचन मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी केले आहे. पाळीची मालकी कधी पाटलाची, कधी सरकारची. पाण्याच्या आत मात्र जाळे घेऊन ढिवरच उतरत आला. शिंगाडा, कमळकाकडी, मरळ, वाम यांवर त्याचे घर चालले. गेल्या काही दशकांत या तलावांत बेशरम ही उपद्रवी वनस्पती माजली, बाहेरून आणलेल्या माशांचे बीज सुटले आणि गावठी मासोळी हटत गेली. अर्जुनी मोरगावच्या आसपास मनीष राजनकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने मच्छीमार सहकारी संस्थांनी यावर जे केले ते ऐकायला साधे आहे. त्यांनी बेशरम मुळापासून उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि त्यात तलावातल्या मूळच्या पाणवनस्पती हाताने लावल्या. म्हणजे तलावाच्या पोटात रोवणी केली! स्त्रिया या कामात पुढे होत्या, कारण रोवणीचा हात त्यांचाच. वनस्पती आल्या तशी मासोळी आली, पाखरेही आली. काठाची उथळ पट्टी हे तलावाचे घर आहे, हे गॅझेटियरच्या आकड्यांवरून आपण ताडले. ढिवर ते पिढ्यान्‌पिढ्या जाणून होता, त्याला कोणी विचारले नव्हते एवढेच.

इथे तलावाकडे पाहायची माझी दृष्टी बदलते. कोलू पाटलांनी एकदा बांधले आणि काम झाले, असे समजून पाहिले की तलाव स्मारक ठरतो, आणि स्मारकाची डागडुजी सवडीने होते. पण मातीची पाळ अशी एकदाच बांधता येत नाही. उंदीर-खेकडे ती पोखरतात, पाऊस तिची माती नेतो, गाळ तळ वर आणतो. दरसाल थोडी माती टाकली नाही तर अठराव्या शतकातले काम विसाव्यातच संपले असते. ज्या अर्थी आज पाणी उभे आहे, त्या अर्थी मधल्या प्रत्येक पिढीत कोणीतरी पाटी डोक्यावर घेऊन चढले आहे. हे बांधकाम दरसाल नव्याने बांधले जाते, आणि त्याचे कर्ते हजारो आहेत. तळ नांगरणारी ढिवरीण त्याच यादीतले अलीकडचे नाव आहे.

जायचे तर हिवाळ्यात जा, बदके दिसतील. पण तलाव समजून घ्यायचा तर ऑक्टोबरात जा, दाणा भरायच्या दिवसांत, जेव्हा पाळीखाली पाणी सुटलेले असते. आणि मे महिन्यातही एकदा जा, काठ मागे सरलेला आणि तळ उघडा पडलेला असताना. पाहुण्यांना तो महिना भकास वाटतो, पण तलावाचे पुढचे वर्ष त्याच महिन्यात ठरते. तेव्हा गाळ निघाला की नाही, बेशरम उपटली की नाही, पाळीची बिळे बुजली की नाही, हे बघा. नवेगावबांध किती सुंदर आहे याचे उत्तर त्या तीन गोष्टींवर ठरते, आणि ते दरवर्षी वेगळे असू शकते.